कोरडा दिवस

दुपारचं जेवण अंगावर येतं आणि हेमांगी बाबांच्या खोलीतल्या दिवाणावर जरा पाठ टेकते. झोपायचं नाही असं स्वतःला बजावूनच टेकते, कारण पाच वाजता रावसाहेब इनगळे येणार आहेत आणि त्यांना आज उत्तर द्यायचं आहे. पंखा फिरतो आहे. खिडकीत टांगलेला ओला टॉवेल वाळून कडक होत आला आहे. डोळा लागला की नाही ते कळू नये अशा कडेवर ती पडून असते, तेवढ्यात मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज येतो. कुणीतरी कुंड्यांखालच्या ताटल्या उचलून पाणी ओतून देतं आहे.

आज शनिवार, तिच्या मनात येतं. कोरडा दिवस. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायचं, भांडी पालथी घालायची, म्हणजे डासांची वीण वाढत नाही. बाबा हा दिवस सणासारखा पाळायचे. शेजाऱ्यांची पिंपंसुद्धा न विचारता पालथी करायचे आणि शिव्या खाऊन हसत घरी यायचे.

बाबांना जाऊन चार महिने झाले, हेही तिच्या मनात येतं. तरी ती उठून मागच्या दाराशी जाते.

बाबा कुंड्यांपाशी उकिडवे बसले आहेत. ज्या फिकट निळ्या सदऱ्यात त्यांना नेलं तोच अंगात आहे, आणि वरच्या खिशात जांभळी पेन्सिल. ती हेमांगीनेच ठेवली होती. इतरांनी तुळशीचं पान ठेवलं, पाणी घातलं; तिने पेन्सिल ठेवली.

"आलीस?" मान वर न करता ते म्हणतात. "बघ या ताटल्या. चार महिने कुणी हात लावलेला नाही."

"तुम्ही गेल्यावर काही सुचलंच नाही."

"डासांना सुचलं."

ते पांढरा पळा ताटलीत बुडवतात आणि तिच्यापुढे धरतात. लहानपणी असाच धरायचे. अळ्या वळवळताना दाखवायचे. ती वाकून बघते. पाण्यात करड्या रंगाचं काहीतरी वळवळतं आहे. पोटाशी गरगरीत, शेपटाला पंख.

"या अळ्या नाहीत, बाबा."

"मग काय आहे?"

तिला ओळख पटते. रावसाहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत असाच एक ठेवलेला आहे, फक्त हातभर लांबीचा. उखळी तोफेचा गोळा. रावसाहेबांच्या फाउंड्रीत पूर्वी पाण्याच्या पंपांची कवचं ओतली जायची, मग या गोळ्यांची ओतली जाऊ लागली. त्या कमाईतून ट्रस्ट झाला, ट्रस्टचं मेडिकल कॉलेज झालं, आणि त्या कॉलेजात डॉ. वसंत मगदूम सामाजिक आरोग्य शिकवू लागले. साथ कुठून येते, कशी पसरते, कुठे रोखायची, ते. पुढे ट्रस्टने कृत्रिम पायांचं केंद्र काढलं आणि तेही बाबांच्याच हाती दिलं. गोळे समुद्रापलीकडच्या एका देशात जायचे. दर हिवाळ्यात त्याच देशात ट्रस्टचं पथक जायचं, फुकट पाय बसवायला. पथकाचे प्रमुख बाबा.

"अळी दिसली की काय करायचं?" बाबा परीक्षेतल्यासारखं विचारतात.

"पाणी ओतून द्यायचं."

"आणि पाणी तसंच ठेवून घरोघरी तापाचं औषध वाटत बसलं तर?"

"ताप उतरतो. डास राहतो."

"पास," ते म्हणतात आणि पळा तिच्या हातात देतात. "जा, मोरीत ओत. सांडू नकोस, फुटतील."

ती पळा दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात जाते. जेवणाच्या टेबलाभोवती माणसं बसलेली आहेत. सगळ्यांनी कोट घातले आहेत आणि सगळ्यांपुढे आईच्या स्टीलच्या वाट्या आहेत. कॉलेजातल्या कुठल्याही संशोधनाला जिची मंजुरी लागते ती नैतिकता समिती ती हीच, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. टेबलाच्या डोक्याशी रावसाहेब आहेत. बाबा खालच्या टोकाला, स्टुलावर. ते तिच्या आधी आत कसे आले ते ती विचारत नाही.

"वाढ की गं पोरी," रावसाहेब मायेने म्हणतात. "उभी का? डॉक्टरांना आधी वाढ."

ती वाढते. पळ्यातून पांढरं, दाट, गुळगुळीत काहीतरी वाटीत पडतं. प्लास्टर आहे. पायाचा साचा घेताना भिजवतात ते.

"काय ओ डॉक्टर," रावसाहेब चमचा चाटून म्हणतात, "लेख वाचला तुमचा. झकास लिवलाय. युद्ध हा रोग. बरं. रोग आहे म्हणजे उगम शोधला पाहिजे. तेही बरं. पण उगम शोधत शोधत तुम्ही आमच्या गेटवर आलाय की!"

सगळे हसतात. वाट्या किणकिणतात.

"पेशंटांच्या पायांतून निघालेले तुकडे तपासून घेतले," बाबा म्हणतात. "आपल्याच भट्टीचे आहेत."

"असतील. नाही कोण म्हणतंय? समितीची अडचण दुसरीच आहे. हितसंबंध गुंतलेत यात."

"तेच लिहिलंय मी."

"आमचे नव्हं, डॉक्टर. तुमचे." रावसाहेबांचा आवाज आणखी मऊ होतो. "तुमचं केंद्र कशावर चालतं? तुटलेल्या पायांवर. लढाई थांबली की तुमच्या केंद्राला टाळं. म्हणजे लढाई चालू राहण्यात तुमचा फायदा. अशा माणसानं लढाईवर लिहावं, हे नीतीला धरून नाही. आणि हे माझं मत नाही हां. तुमचा विषय निघाला तसा मी उठून व्हरांड्यात जाऊन बसलो."

"दार उघडं होतं," बाबा म्हणतात.

"उकाडा किती होता!"

पुन्हा सगळे हसतात. एक जण तर डोळे पुसतो.

हे असंच घडलं होतं, हेमांगीला माहीत आहे. बाबांनी एकदा, एकदाच, ताटावर बसून सांगितलं होतं आणि सांगताना तेही हसले होते. मग त्यांनी लेख मागे घेतला आणि पुढची नऊ वर्षं पाय बनवले. उत्तम पाय. तसे पाय दुसरं कुणी बनवत नव्हतं. ती टेबलाच्या खालच्या टोकाकडे बघते. बाबा खाली मान घालून प्लास्टर खात आहेत. जबडा हलतो आहे, पण हळू, आणखी हळू.

"बाबा, नका खाऊ ते."

"गार झालं की घट्ट होतं," ते भरल्या तोंडाने म्हणतात. "गरम आहे तोवर उतरतं."

"आणि मग?"

"मग दुखत नाही."

तिला त्यांना पाणी द्यायचं आहे. ती फडताळाकडे वळते, तांब्या शोधते. पहिल्या फळीवर डबे आहेत, दुसऱ्या फळीवर साचे. तिसऱ्या फळीवरही साचे. फडताळाला मागची भिंतच नाही. फळ्या लांबवर गेल्या आहेत आणि दोन्ही बाजूंनी पांढरी भुकटी झडते आहे. ही केंद्राची कार्यशाळा. नाही, फाउंड्री. टोकाशी भट्टीचं लाल तोंड आहे. एका बाजूला वाळूचे साचे, दुसऱ्या बाजूला प्लास्टरचे. एकात गोळे, एकात पाय. बाबा फळ्यांमधून हात पाठीमागे बांधून चालत आहेत, वॉर्डात राउंड घ्यायचे तसे.

"साच्याला कळत नाही आत काय ओतलंय," ते म्हणतात. "हे बरं असतं साच्याचं."

आता विचारावं, असं तिला वाटतं. इथे कुणी नाही.

"बाबा, नव्या इमारतीला तुमचं नाव द्यायचं म्हणतात. डॉक्टर वसंत मगदूम कृत्रिम अवयव केंद्र. रविवारी कार्यक्रम आहे. मी स्टेजवर बसायचं, दोन शब्द बोलायचे. काका आज पाचला हो-नाही विचारायला येतील."

"कोण काका?"

"रावसाहेब."

"मग काका म्हणू नकोस. की म्हणतेस? म्हण. मीही नऊ वर्षं साहेब म्हणालो."

"मी नाही म्हटलं तर फुकट पाय बंद करावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. घरच्यांनाच नाव नको असेल तर देणगीदारांपुढे कुठल्या तोंडानं जायचं, म्हणाले. गोड बोलून सांगितलं."

"त्याला गोडच येतं. मला काय विचारतेस?"

"नाव तुमचं आहे."

बाबा थांबतात. तिला आशा वाटते; त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी सवयीची नरमाई येईल, ते 'तुला योग्य वाटेल ते कर' तरी म्हणतील. ते म्हणतात, "मेल्या माणसाची सही चालत नाही. कुठल्याच कचेरीत चालत नाही. मोठी शिकलेली ना तू? भिंतभर पुस्तकं वाचलीस. एवढं कळू नये?"

"तुम्हाला काय हवं ते तरी सांगा."

"मला पाणी हवंय," ते म्हणतात. "पण ते इथं मिळत नाही. चल, पेशंट खोळंबलेत."

एसटी स्टँड आहे. तालुक्याच्या गावाला असतो तसा, सिमेंटचे बाक, पिचकाऱ्यांनी रंगलेले खांब, शेंगा विकणारी बाई. फलाटांवर गावांच्या पाट्या मराठीत आहेत, पण मागे ज्या टेकड्या दिसतात त्या इकडच्या नाहीत, आणि अर्धं छप्पर नाही. बाकावर दोन मुली बसल्या आहेत. मोठीला हेमांगी ओळखते. तिचा फोटो बाबांच्या फोनमध्ये आहे: नूरा, गुडघ्याखालून उजवा पाय नाही, नवा पाय बसवल्यावर पहिलं पाऊल टाकताना हसते आहे. धाकटी तिची बहीण असावी. ती पाय हलवत शेंगा खाते आहे. दोन्ही पाय हलवत.

"डॉक्टर, मागच्या खेपेचा पाय चावाय लागलाय," नूरा म्हणते.

"चावणारच. उंची वाढली तुझी. नवा करू."

झोपेत सगळ्यांनाच मराठी येतं. हेमांगीला त्याचं नवल वाटत नाही. बाबा नूरासमोर गुडघ्यांवर बसतात, पायाच्या उरलेल्या खुंटावर पातळ मोजा चढवतात आणि खिशातून पेन्सिल काढतात. ओली केली की जांभळी उठणारी पेन्सिल. जिथे हाड वर येतं, जिथे दाब सोसत नाही, तिथे या पेन्सिलीने खूण करायची. मग वरून प्लास्टर गुंडाळलं की ती खूण प्लास्टरच्या आतल्या बाजूला उमटते आणि पाय बनवणाऱ्याला कळतं, इथे जागा सोडायची. एक खूण राहिली तरी पाय तिथेच चावतो, जन्मभर. पेन्सिलीचा रंग विषारी, जिभेला लावायची नाही, असं बाबा विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगायचे आणि सांगता सांगता स्वतः जिभेला लावायचे. मुलं त्यांना मागून जांभूळ सर म्हणायची. घरीदारी, समितीत, लग्नाकार्यात, बाबांनी तोंड उघडलं की जीभ जांभळी.

आता ते पेन्सिल जिभेवर घासतात. काही होत नाही. मोज्यावर नुसता ओरखडा उठतो.

"थुंकी नाही," ते म्हणतात. "इकडे सगळ्यांची तोंडं कोरडी असतात. कायमचा शनिवार." ते पेन्सिल हेमांगीपुढे धरतात. "तू ओली कर."

ती पेन्सिल जिभेवर ठेवते. कडू आहे, आणि कडूच्या खाली लोखंडासारखी चव. ती परत देते. बाबा भराभर खुणा करतात, नडगीच्या टोकाला एक, बाजूच्या हाडाला एक, गुडघ्याच्या वाटीला गोल. त्यांचा हात तसाच आहे. किती दिवसांनी ती तो हात काम करताना बघते आहे. तेवढ्यात बाबा धाकटीकडे सरकतात.

"पाय पुढे कर बाळ."

धाकटी शेंगा फ्रॉकमध्ये ठेवते आणि शहाण्यासारखा पाय लांब करते. "गुदगुल्या करायच्या नाहीत हां," ती बजावते.

"हिचे पाय आहेत, बाबा," हेमांगी म्हणते.

"आहेत. आज."

"मग माप कशाला?"

"आगाऊ. पुढच्या वर्षीचे गोळे ओतून झाले, बघितलेस ना मघाशी? मग पायांनी का मागं राहावं? केंद्राचं नाव मोठं होतंय, इमारत मोठी होतेय. तेवढे पाय कुठून आणायचे?"

"असं कुणी करतं का?"

"मी नऊ वर्षं हेच केलं," बाबा म्हणतात. आवाजात राग नाही, दुःखही नाही. प्रकृती सांगावी तसं सांगतात. "फक्त पोरं अजून रांगेत आलेली नव्हती."

धाकटीच्या नडगीवर एक जुनी खरचटल्याची खपली आहे. हेमांगी तिच्याकडे बघत राहते.

"आणि मी रविवारी बोलले तर? स्टेजवरून, माईकवर, की गोळा आणि पाय एकाच भट्टीचे आहेत, आणि हे तुम्ही लिहिलं होतं, आणि ते कसं दाबलं?"

"तर हिचा पाय बंद." ते अंगठ्याने नूराकडे दाखवतात. "दुसरा कुणी देणार नाही. हा तोकडा पडेल, चावेल, जखम होईल. ती तुला शिव्या देईल. हक्कानं देईल."

"आणि नाही बोलले तर?"

बाबा पेन्सिलीच्या टोकाने धाकटीच्या गुडघ्यावर टकटक करतात.

हेमांगी नूराकडे वळते. काय विचारायचं ते तिच्या ओठांवर येत नाही, पण नूराला कळतं.

"मला नका विचारू," नूरा म्हणते. "मला पायपण पायजे आणि हीपण पायजे. तुम्ही मोठी माणसं. तुमचं तुम्ही बघा."

"ऐकलंस?" बाबा म्हणतात. "वाळली ही पुन्हा. ओली कर."

ती पेन्सिल तोंडात घेते. बाबा हात पुढे करून थांबतात. ती देत नाही. दातांत धरते, ओठ मिटते.

"आण इकडे."

ती मान हलवते. बाबा पेन्सिलीचं बाहेरचं टोक धरून ओढतात. प्लास्टर पिळून पिळून कमावलेला हात, जोर तसाच आहे. तिची मान पुढे येते, दात दुखतात, पण ती सोडत नाही. धाकटीला हा खेळ वाटतो. ती टाळ्या वाजवते. कडू पाणी हेमांगीच्या घशापर्यंत येतं.

बाबा ओढायचं थांबवतात आणि हसतात. भेटल्यापासून पहिल्यांदाच हसतात, आणि ते हसू प्रेमाचं नाही.

"तोंडात धरून बसलीस? विष आहे ते. कितीदा सांगितलं असेल वर्गात. धरून ठेवता येत नाही माय, थुंकायचं नाहीतर गिळायचं. मी गिळलं. बघ."

ते तोंड उघडतात. आत जीभ दिसत नाही. घशापर्यंत पांढरं, घट्ट, थंड प्लास्टर भरलेलं आहे, आणि त्याच्या आतल्या बाजूला, उलट्या उमटलेल्या, जांभळ्या खुणा.

"बाबा," असं ती म्हणायला जाते. पेन्सिल तोंडात आहे. घंटा वाजते. गाडी लागली म्हणून धाकटी बाकावरून उडी मारते आणि दोन्ही पायांवर धावत सुटते, छप्पर नसलेल्या बाजूकडे, आणि घंटा वाजतच राहते.

दाराची घंटा वाजते आहे.

हेमांगी उठून बसते. खिडकीतला टॉवेल पुठ्ठ्यासारखा वाळला आहे. ऊन दिवाणाच्या पायाशी आलं आहे. तोंडात कडू चव आहे. ॲसिडिटी, ती स्वतःला सांगते आणि चूळ भरायला बेसिनशी जाते. पाणी तोंडात घोळवून टाकते.

पाणी जांभळं पडतं.

ती आरशात बघते. जीभ टोकापासून मध्यापर्यंत जांभळी आहे. दातांच्या फटींतही. ती बोटाने घासते. बोट जांभळं होतं, जीभ तशीच राहते. घरात तसली पेन्सिल नाही. बाकीच्या सगळ्या केंद्रातच राहिल्या, आणि जी घरी होती ती तिने स्वतःच्या हाताने बाबांच्या खिशात ठेवली. अग्नीही तिनेच दिला. शेवटपर्यंत उभी राहून बघितलं.

घंटा पुन्हा वाजते. ती दार उघडते.

रावसाहेब इनगळे पांढऱ्या सफारीत उभे आहेत, हातात पेढ्यांचा खोका. "झोपमोड केली काय गं पोरी? निज निज, या दिवसांत निजावंच माणसानं." ते आत येतात, बाबांच्या तसबिरीला हात जोडतात, खुर्चीत बसतात. "मग? काय ठरवलंस? पाटीवर टाकायचंय नाव, तो कारागीर बसलाय माझी वाट बघत."

"नाव लावा, काका," हेमांगी ओठ फारसे न उघडता म्हणते. "रविवारी मी बोलेन."

"झकास!" ते मांडीवर थाप मारतात. "दोनच शब्द. फार नको. डॉक्टरांच्या आठवणी, त्यांची साधी राहणी, असं काहीतरी. डॉक्टरांचा आत्मा थंड होईल बघ." ते खोक्याची दोरी सोडतात, त्यातला एक पेढा उचलतात आणि उठून तिच्यासमोर येतात. "आता तोंड गोड कर. आ कर, आ."

ती बोलली की नवा पाय बंद, आणि नूराचा आताचा पाय पुढच्या हिवाळ्यात चावू लागेल. हे हेमांगीला कळतं आहे, आणि ते कुणी तिच्यावरून उतरवून घेणार नाही, हेही. ती तोंड उघडते.

पेढा हवेत थांबतो. रावसाहेबांनी ती जीभ टेबलापलीकडून वीस वर्षं बघितलेली आहे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहतं, फक्त त्याला कुणी धरून ठेवल्यासारखं. ते तसबिरीकडे बघतात, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे.

ती तोंड मिटत नाही.